भूतान शिकवताना एवढं तरी सांगा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, भूतान म्हटलं की आपण ‘आनंदी देश’ एवढं सांगून पुढे जातो. पण नकाशा दाखवा ना! वर चीन, खाली भारत, मध्ये हा चिमुकला देश. १९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानायचं ठरलं होतं. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, २००७ मध्ये ते कलमही बदलून घेतलं. भांडण न करता, हे मला फार आवडतं.

घरात मात्र वेगळंच. ओळख जपायची म्हणून घो-किरा हा पोशाख सक्तीचा केला, शाळांतून नेपाळी भाषा काढली. पुढे १९९० च्या दशकात दक्षिणेतल्या हजारो नेपाळीभाषक कुटुंबांना देश सोडावा लागला. त्यांची मुलं नेपाळच्या झापा जिल्ह्यातल्या छावण्यांत शिकली. हा भाग मी वर्गात गाळत नाही. तुम्ही गाळता का?