दंड आणि परवाना

दंड म्हटला कीं अपराध आणि शासन हीच जोडी आमच्या डोळ्यांपुढें येते. तो एखाद्या गांवच्या जमाखर्चांत आगाऊच उत्पन्न म्हणून धरलेला असतो, हें आम्हांस मात्र नवीन होतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसूरींत फर्ग्युसन नांवाचें गांव आहे; त्या वेळीं त्याची वस्ती सुमारें २१,००० होती. (पुण्याच्या कॉलेजाशीं त्याचा संबंध नाहीं!) मध्यवर्ती सरकारच्या न्यायखात्यानें मार्च २०१५ मध्यें तेथील कारभारावर अहवाल प्रसिद्ध केला. वसुली वाढविण्याविषयीं पोलिसांमागें नगराधिकाऱ्यांचा तगादा असे. २०१३ या एकाच वर्षीं कोर्टानें ९,००० हून अधिक वॉरंटें काढलीं, तींहि बहुतेक किरकोळ बाबींकरितां. वस्तींत ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय, पण थांबविलेल्या गाड्यांत ८५ टक्के त्यांच्या.

अहवालांतील एका बाईची हकीकत वाचून आम्ही स्तब्ध झालों. २००७ सालीं तिनें गाडी भलत्या जागीं उभी केली. १५१ डॉलर दंड झाला, वर फी निराळी. बाई गरीब, कित्येकदां बेघर. तारखा चुकल्या, हप्ते चुकले. प्रत्येक चुकीस नवा आरोप. सहा दिवस तुरुंगांत काढले. दोनदां तिनें २५ व ५० डॉलर पाठविले. रक्कम पुरी नाहीं म्हणून ते परत आले. २०१४ च्या डिसेंबरपर्यंत तिनें ५५० डॉलर भरले होते, आणि ५४१ अद्यापि बाकी होते. सावकाराची वही बरी म्हणावयाची!

गाडी चालवितांना घडलेल्या गुन्ह्यांत हजर न राहिल्यास अथवा दंड थकल्यास परवानाच निलंबित होई. जेथें गाडीवांचून कामावर पोंचतां येत नाहीं, तेथें नोकरी गेल्यावर दंड भरावयाचा कशांतून? भीत भीत गाडी काढली तर तो आणखी एक गुन्हा. शिक्षा एकाला, परंतु मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचा दवाखाना, सारेंच त्या गाडीवर. मिळवता एक आणि खाणारीं सात, हें गणित आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

बेफाम हांकणाऱ्याचा परवाना जरूर काढून घ्यावा. परंतु पैसे थकले म्हणजे चालविणाऱ्याचे हात कांपूं लागतात, असें कोणत्या वैद्यानें सांगितलें आहे?

मिसूरीनें २०१५ मध्येंच कायदा करून दंडाच्या उत्पन्नास अधिक कडक मर्यादा घातली. कॅलिफोर्नियांत तर लक्षावधि परवाने अडकले होते. तेथें थकलेल्या दंडापायीं परवाना काढून घेण्याची चाल २०१७ मध्यें बंद झाली. दंड मात्र माफ झाला नाहीं. तो देणें राहिलाच. फक्त तो फेडण्यासाठीं माणसाला कामावर जाण्याची मोकळीक मिळाली.