अर्जातली पहिली ओळ



आपल्या मंडळाच्या वधू-वर नोंदणीचा अर्ज एकदा काढून पाहा. जन्मतारीख, जन्मवेळ, रास, उंची, शिक्षण, पीआर की सिटिझन, अपेक्षा, असं सगळं त्यात आहे. पण या सगळ्याच्या आधी, पहिल्याच ओळीत, दोन चौकटी आहेत: वधू आणि वर. एकीत खूण केली की अर्जदार कोण हे ठरतं आणि त्याला कोणाची स्थळं दाखवायची हेही ठरतं. यंदा आलेल्या एका अर्जावर दोन्ही चौकटींत खूण होती आणि खाली निळ्या शाईने लिहिलं होतं, 'मी दोन्ही आहे.'

हा खोडसाळपणा नव्हता. २०२१ च्या जनगणनेत कॅनडाने जन्मवेळचं लिंग आणि आजची लिंगओळख हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. पंधरा आणि त्याहून अधिक वयाच्या १,००,८१५ जणांनी आपण ट्रान्सजेंडर किंवा नॉन-बायनरी असल्याचं नोंदवलं. त्यांतले ४१,३५५ नॉन-बायनरी. एकाच वेळी दोन लिंगओळखी असणारे बायजेंडर आणि ज्यांची ओळख काळानुसार बदलते असे जेंडरफ्लुइड हेही याच छत्राखाली येतात. २०१९ पासून कॅनडाच्या पासपोर्टवर 'एक्स' अशी नोंद करता येते. आपली मुलं या देशात वाढली आहेत आणि त्यांच्यापैकी काहींची ओळख अशी आहे.

मग प्रेमाचं काय? गे, लेस्बियन, स्ट्रेट या शब्दांचा अर्थ आपण कोण आणि समोरचा कोण, या दोन्हींवर ठरतो. आपणच एकाहून अधिक असलो तर हे गणित डळमळतं. स्वतःला स्त्री आणि पुरुष दोन्ही मानणाऱ्या आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या व्यक्तीला काय म्हणायचं? कोणी लेस्बियन हाच शब्द ठेवतं, कारण त्या नावाने भेटलेली माणसं आपली वाटतात. कोणी फक्त ओढ कोणाकडे आहे तेवढंच सांगतं: स्त्रियांकडे असेल तर गायनोरोमँटिक, पुरुषांकडे असेल तर अँड्रोरोमँटिक. एकाहून अधिक लिंगांकडे ओढ असणारे बायरोमँटिक, आणि लिंगाचा विचारच ज्यांच्या प्रेमात येत नाही ते पॅनरोमँटिक. ज्यांना प्रेमाची अशी ओढ जाणवत नाही ते अरोमँटिक. कित्येकांना 'क्वीअर' एवढं एकच नाव पुरतं.

या शब्दांत 'रोमँटिक' येतं त्याला कारण आहे. प्रेमात पडणं आणि शारीरिक आकर्षण या नेहमी एकत्र चालणाऱ्या गोष्टी नाहीत. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी २००३ साली हे सविस्तर मांडलं. साथ हवी, जीव लावणारं माणूस हवं, पण शरीरसंबंध नको, असं म्हणणारी माणसं आहेत. स्थळं सुचवणाऱ्या मंडळाने हे समजून घ्यायलाच हवं, कारण नेमक्या याच न बोललेल्या गोष्टींवरून पुढे संसार मोडू शकतात.

पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलाने आज एक नाव सांगितलं आणि दोन वर्षांनी दुसरं, तर त्याने फसवलं असं समजू नका. स्वतःची ओळख पटायला वेळ लागतो. घरी मराठी बोलताना ते आज 'आलो' म्हणेल, उद्या 'आले' म्हणेल. जसं बोलेल तसंच उत्तर द्या. सगळे शब्द तुम्हाला पाठ असण्याची गरज नाही. 'तुला कसं म्हटलेलं आवडेल?' एवढं विचारलं तरी घरातला ताण हलका होतो.

मंडळाचंही काम आहे. माझा प्रस्ताव असा: पहिल्या ओळीतल्या चौकटी काढाव्यात. त्यांच्या जागी तीन मोकळ्या ओळी द्याव्यात: मी कोण आहे, मला कोणाची स्थळं पाहायची आहेत, आणि सहजीवनाकडून माझी अपेक्षा काय आहे. ज्यांना 'वधू' किंवा 'वर' लिहायचं आहे त्यांनी आनंदाने तेच लिहावं. त्यांचं काहीच कमी होत नाही. दुसरं, अर्ज ज्याचा त्यानेच भरावा. आजही बरेच अर्ज आई-वडिलांच्या अक्षरात येतात. तिसरं, अर्जातली माहिती नोंदणी पाहणाऱ्या सदस्यांपलीकडे, अगदी पालकांपर्यंतही, अर्जदाराच्या संमतीशिवाय जाऊ नये. घरी न सांगितलेली गोष्ट मंडळाकडून घरी कळली, तर त्या व्यक्तीचा आपल्यावरचा विश्वास कायमचा जातो.

कोणाचं नाव खरं आणि कोणाचं खोटं, याचा निवाडा करण्याचा अधिकार मंडळाला नाही. ज्याने त्याने सांगितलेलं मानायचं आणि पंगतीत पान मांडायचं, एवढंच आपलं काम. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हा प्रस्ताव मी मांडणार आहे. अनुकूल असो वा प्रतिकूल, आपलं मत त्याआधी लिहून कळवा. आणि तो निळ्या शाईतला अर्ज पाठवणाऱ्या सभासदाला इथूनच सांगतो: तुमची नोंद झाली आहे.

आपला,
संपादक