नाकतोडा, बेडूक आणि पन्नाशीतला ग्राहक

व्यापारात जुना माल हा सहसा चिंतेचाच विषय असतो. गोदामात पडून राहिलेल्या ताक्याकडे पाहताना धन्याच्या कपाळावर आठी उमटते आणि दिवाळीपूर्वी तो पडत्या भावाने का होईना, पण निघावा, असे त्याला वाटते. जपानमधील एका कौटुंबिक पेढीने मात्र नेमके उलट केले. चाळीस वर्षांपूर्वी मुलांसाठी काढलेल्या खेळण्यातील मोटारी तिने बव्हंशी जुन्याच साच्यांतून, जुन्याच चित्राच्या पेटीत घालून पुन्हा बाजारात आणल्या. विशेष म्हणजे त्यांचे ग्राहक मुले नव्हेत. केस पांढरे होऊ लागलेले, चष्म्याचा नंबर वाढलेले, मुलांची लग्ने उरकलेले गृहस्थ त्या विकत घेतात. या व्यवहारातील धंदा आणि जिव्हाळा या दोन्ही बाजू आपल्या वाचकांनी पाहण्यासारख्या आहेत.

पेढीचे नाव तामिया. फुजी पर्वत ज्या प्रांतात आहे, त्यातील शिझुओका हे तिचे गाव. चहाबरोबरच लाकूडकामाची जुनी परंपरा या गावाला आहे. १९४६ साली योशिओ तामिया यांनी तेथे लाकडाचा धंदा सुरू केला आणि लाकडी प्रतिकृती हा त्याचाच एक लहानसा फाटा होता. १९५१ मध्ये आगीत लाकडाचा साठा भस्मसात झाला. मूळ धंदा गुंडाळावा लागला आणि फाट्यालाच खोडाचे काम करावे लागले. पुढे प्लास्टिकचे युग आले, तेव्हा लाकडी माल मागे पडला. १९६० साली या मंडळींनी ‘यामातो’ या युद्धनौकेची पहिली प्लास्टिक प्रतिकृती काढली. परंतु प्रतिस्पर्ध्याची त्याच नौकेची स्वस्त प्रतिकृती बाजारात आल्यामुळे त्यांना तोटा सोसावा लागला. साच्याचा खर्च किती प्रचंड असतो, हे ज्याने कारखानदारी केली आहे त्यालाच कळेल. माल खपला नाही तर साचा म्हणजे निव्वळ पोलादाचा ठोकळा.

त्यांना सावरले ते एका रणगाड्याने. पॅंथर या जर्मन रणगाड्याची प्रतिकृती मोटारीवर चालावी, म्हणून पोटात बॅटऱ्या मावतील एवढा आकार त्यांनी धरला. मागाहून मोजले, तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या एक पस्तीसांश भरला. बॅटरीच्या सोयीने ठरलेले हे प्रमाण आज जगभरच्या लष्करी प्रतिकृतींचे रूढ माप होऊन बसले आहे. योशिओंचे पुत्र शुनसाकु यांनी पेढीला जगभर नेले. पोर्शची प्रतिकृती अचूक व्हावी, म्हणून या गृहस्थांनी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सुटी करून मापली. १९७६ साली निघालेली पोर्श ९३४ ही तामियाची रेडिओ-नियंत्रित पहिली मोटार. शुनसाकु तामिया जुलै २०२५ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी निवर्तले.

आता ‘बग्गी’ या प्रकाराविषयी. आपल्याकडे या शब्दाने घोडा डोळ्यांपुढे येतो. परंतु येथे अभिप्रेत आहे ती वाळवंटात उड्या मारणारी हलकी मोटार. १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर फायबरग्लासचे अंग चढवून ‘मेयर्स मॅंक्स’ तयार केली आणि किनाऱ्यावरच्या वाळूला एक नवे वाहन मिळाले. तामियाने १९७९ साली ‘रफ रायडर’ आणि ‘सॅंड स्कॉर्चर’ या लहान बग्ग्या काढल्या. त्यानंतर १९८३ साली ‘फ्रॉग’ आणि १९८४ साली ‘ग्रासहॉपर’ व ‘हॉर्नेट’, म्हणजे अनुक्रमे बेडूक, नाकतोडा आणि गांधीलमाशी. नाकतोड्याचे नाव यथार्थ होते. त्याच्या स्प्रिंगांना तेलाचा दाब नव्हता, त्यामुळे लहानशा खड्ड्यावरूनही तो टुणकन उडे. किंमत मात्र पहिल्यांदाच घेणाऱ्याला परवडेल अशी ठेवलेली. जपान, ब्रिटन आणि अमेरिकेत त्या दशकातील असंख्य मुलांनी स्क्रू पिळण्याचा पहिला धडा या पेट्यांवर गिरवला. कारण मोटार तयार मिळत नसे. पेटीत असत सुटे भाग, आणि ते जोडणे हाच खेळाचा मोठा हिस्सा होता.

त्या काळी आपल्या देशात आयात जवळजवळ बंद होती. वायरीने बांधलेल्या रिमोटची मोटार मिळाली तरी मुलगा गल्लीत मिरवे. तरीही काही पेट्या आल्याच, आणि त्यातील एकीची हकिकत आमच्या ओळखीच्या घरातली आहे.

सोलापूरचे आमचे एक स्नेही. घरची तीन पिढ्यांची कापडाची पेढी. त्यांचे मावसकाका कोबे शहरी एका मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे नोकरीस होते. कोबे ही मोत्यांची मोठी पेठ. आपल्या समाजातील कित्येक घराणी या व्यापारानिमित्त तेथे स्थिरावली आणि १९८५ साली तेथे मंदिरही उभे राहिले, हे अनेकांना ठाऊक असेल. १९८६ च्या उन्हाळ्यात काका भेटीस आले, तेव्हा बारा वर्षांच्या भाच्यासाठी त्यांनी नाकतोड्याची पेटी आणली. मुलाने ती उघडण्यापूर्वीच वडिलांनी हातात घेतली. अण्णा स्वभावाने कठोर नव्हते, पण हिशेबी होते. पेटीवरील चित्रात धूळ उडवणारी मोटार, आत मात्र प्लास्टिकच्या काड्यांना चिकटलेले तुकडे. बॅटरी नाही, रिमोट नाही. ‘हे आपल्या कामाचे नाही,’ असे म्हणून त्यांनी ती दुकानातील काचेच्या कपाटात ठेवली. आठवडाभरात जवळच्या साखर कारखान्यातील एका अभियंत्याने ती मागितली, चांगला भाव दिला आणि नेली. त्या आठवड्यात मुंबईच्या आडत्याचे देणे भागवायचे होते; ते भागले. मुलगा गल्ल्याजवळ उभा होता. ‘दुकानात आलेली वस्तू गिऱ्हाइकाची,’ एवढेच त्याला सांगण्यात आले, आणि व्यापाऱ्याच्या घरात या वाक्यावर अपील नसते.

आज हे स्नेही पन्नाशी ओलांडून गेले आहेत आणि पेढी मुलाच्या हाती आहे. मध्यंतरी ते मला विचारू लागले की आता ती मोटार घ्यावी म्हणतो, पण कोणती घेऊ? मुलगा सनदी लेखापाल. त्याने विचारले, ‘बाबा, यातून परतावा काय?’ प्रश्न उद्धट नव्हता. घरात जो प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला तोच त्याने विचारला.

बाजारात तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे १९८४ च्या सुमाराची, कधीच न उघडलेली मूळ पेटी. अशा पेट्या संग्राहक मोठ्या किमतीला घेतात, आणि लेखापाल चिरंजीवांना हीच वाट पटली, कारण तिला ‘गुंतवणूक’ म्हणता येते. मला ती मुळीच मान्य नव्हती. न उघडण्याच्या अटीवरच जिची किंमत टिकते, ती पेटी आणून हे गृहस्थ काय करणार? पुन्हा एकदा काचेच्या कपाटात ठेवणार, इतकेच. शिवाय गुंतवणूक म्हणूनही ती बेभरवशाची आहे. कंपनीने साचा पुन्हा चालवला की दुर्मीळ माल एका दिवसात सामान्य होतो. ‘हॉर्नेट’ २००४ मध्ये आणि ‘ग्रासहॉपर’ व ‘फ्रॉग’ २००५ मध्ये पुन्हा निघाल्या, तेव्हा जुन्या पेट्या दाबून बसलेल्यांना हा अनुभव आला असणार.

दुसरी वाट याच पुनर्निर्मित मालाची. अंग तेच, चित्र तेच. कोठे कोठे जुना दोष सुधारलेला, जसा बेडकाच्या मागील चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचा. तिसरी वाट जुन्या वळणाच्या नव्या मोटारीची. तामियाने २०२३ साली ‘बीबीएक्स’ नावाची बग्गी काढली. तिचा सांगाडा नवा, पण रूप मुद्दाम ऐंशीच्या दशकातले. वाहन म्हणून ती नाकतोड्यापेक्षा कितीतरी शहाणी आहे, आणि ज्याला आठवण नाही, केवळ हौस आहे, त्याने निःशंकपणे तीच घ्यावी. पण आमच्या स्नेह्यांना शहाणे वाहन नको होते. मी त्यांना दुसरी वाट सांगितली.

आता हिशेब; त्याशिवाय आपल्या वाचकांचे समाधान व्हायचे नाही. पेटीवरची किंमत ही अर्धीच किंमत समजावी. पेटीत सांगाडा, अंग, चाके आणि सामान्यतः मोटर असते. रिमोट, त्याचा ग्रहणयंत्र, चाके वळवणारा सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रंग हे सारे वेगळे घ्यावे लागते आणि त्याची बेरीज पेटीच्या किमतीला गाठू शकते. वेगनियंत्रक काही पेट्यांत असतो, काहींत नसतो. तो आधी विचारून घ्यावा. त्यावर आयातशुल्क. खेळण्यांवरील मूळ शुल्क आपल्या सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ साली ७० टक्के. देशी कारखानदारीला आधार मिळावा, हा त्यामागील हेतू, आणि व्यापारी म्हणून त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण आपले पार्सल कोणत्या वर्गात मोजले जाईल आणि त्या दिवशीचा दर काय, हे मागवण्यापूर्वीच जाणत्या क्लिअरिंग एजंटाकडून समजून घ्यावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे, तेव्हा नातवासाठी म्हणून मागवताना पेटीवरील वयाचा उल्लेखही पाहावा.

पेटी आली. स्नेह्यांनी ती दुकानात नव्हे, घरी जेवणघराच्या टेबलावर उघडली. चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा काठी टेकत आले आणि त्यांनी विचारले, ‘किती पडली?’ आकडा काही न लपवता, शुल्कासह सांगण्यात आला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी भिंग मागितले आणि स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे करू लागले. माहितीपुस्तिकेत प्रत्येक स्क्रूचे चित्र प्रत्यक्ष आकाराचे छापलेले असते. त्यावर स्क्रू ठेवून पाहिला की चूक होत नाही. ज्या माणसाने साठ वर्षे गजाने कापड मोजले, त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागली नाही. ऐंशीच्या दशकातल्या त्या पेटीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढेही निघाल्याचे ऐकिवात नाही.

जोडणीविषयी चार कामाच्या गोष्टी. जपानी स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या पेचकसाच्या फुलीहून किंचित निराळी असते. साधा पेचकस लावला तर तो निसटतो आणि डोके झिजते. त्यासाठी जपानी मापाचा पेचकस घ्यावा. नाकतोड्याच्या पेटीत चाकांच्या दांड्यांसाठी प्लास्टिकच्या कड्या येतात. त्यांच्या जागी पहिल्याच दिवशी बॉल बेअरिंग घालावेत. खर्च थोडा आणि घर्षण पुष्कळ कमी. मागील गिअरच्या खोक्यात लहान लहान तिरकस दात्यांची चक्रे बसवावी लागतात. हे काम घरातील शाळकरी मुलाकडून करून घ्यावे. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते आणि म्हणून दोन्ही चाकांना स्वतंत्र गती द्यावी लागते, हे पुस्तकात वाचून जे उमगत नाही ते येथे बोटांना उमगते.

जुन्या काळी २७ मेगाहर्ट्‌झच्या रिमोटमध्ये स्फटिक घालावा लागे. दोघांचे स्फटिक सारखे निघाले तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याची मोटार भिंतीवर आपटे. आताच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या संचांत ही भानगड उरलेली नाही. तेव्हाची ७.२ व्होल्टची बॅटरी पंधरा-वीस मिनिटे चाले आणि मग चार्ज होईपर्यंत मुले ताटकळत बसत. आता ती बराच अधिक वेळ चालते. मात्र लिथियम बॅटरी वापरणाऱ्याने ती चार्जिंगला लावून बाजारात जाऊ नये, आणि त्या जातीची बॅटरी वेगनियंत्रकाला चालते की नाही हेही पाहावे.

ज्यांना गांधीलमाशी घ्यायची आहे त्यांनी रंगकामाची तयारी ठेवावी. नाकतोड्याचे अंग टणक, अपारदर्शक प्लास्टिकचे असल्यामुळे त्यावर बाहेरून रंग देता येतो. गांधीलमाशीचे अंग काचेसारख्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे. ते आतून रंगवतात, म्हणजे जो रंग वर दिसायचा तो आधी द्यायचा. रंगही त्याच जातीच्या प्लास्टिकसाठी बनवलेला हवा, नाहीतर पहिल्या धडकेत पापुद्रे सुटतात. स्नेह्यांच्या घरी आता त्याच माशीची चर्चा सुरू आहे. लेखापाल चिरंजीवांनी किंमत विचारली आहे, मात्र परताव्याचा प्रश्न या खेपेस केला नाही. मोटार चालवण्यासाठी त्यांनी गावाबाहेरील मुरमाचे मैदान निवडले आहे. गवतावर नको, असे अण्णांचे म्हणणे पडले. ओल्या गवतात मोटरही बिघडते आणि चाकाखाली काय काय सापडते ते दिसत नाही.