हिमोग्लोबिन न वाढणाऱ्या मुली

तराईतील एका जिल्ह्यात नेमणूक असताना एका कन्याशाळेतील लोहगोळ्यांची नोंदवही पाहण्यात आली. नववीतील एका मुलीच्या नावापुढे दर आठवड्याला गोळी दिल्याची खूण होती. हिमोग्लोबिन मात्र जागचे हलले नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते, ‘गोळी फेकून देते, समज दिली.’ मुलगी समोरच उभी होती. चेहरा किंचित सुजलेला, हालचाली मंद, गळ्याशी थोडा फुगवटा. आपण गोळी घेतो, एवढेच ती म्हणाली. शिक्षिकांचा विश्वास बसला नाही. खरे सांगायचे तर माझाही बसला नाही. सोबतच्या डॉक्टरांनी मात्र तिचे रक्त तपासून घेतले आणि थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचे निष्पन्न झाले.

जपानी शल्यविशारद हाशिमोतो यांनी १९१२ साली वर्णिलेला हा विकार. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी अधिक आढळतो आणि किशोरवयातही सुरू होतो. संप्रेरक कमी पडले की रक्तपेशींची निर्मिती मंदावते, मासिक पाळीतील रक्तस्रावही वाढू शकतो. अशा मुलीस नुसते लोह देत राहून फारसा गुण येत नाही. पाळी अनियमित झाली की ‘पीसीओडी’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनीही आधी थायरॉइड तपासावयास हवे.

आपल्याकडे गळ्याचा फुगवटा म्हणजे आयोडीनची उणीव, हे समीकरण पक्के बसले आहे. त्यास कारणही आहे. १९६२ पासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम चालू आहे. साध्या खाद्यमिठावरील देशव्यापी बंदी २००० साली उठली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचले, हे प्रशासनाचे मोठेच यश. परंतु मीठ पोहोचल्यानंतरही शाळकरी मुलींत जो गलगंड उरतो, त्यामागे हा विकार असू शकतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत मात्र गलगंड ‘कमतरता’ या सदराखालीच आहे.

सरसकट सर्व मुलींची टी.एस.एच. तपासणी करावी, असे माझे म्हणणे नाही; प्रयोगशाळांना ते झेपणारही नाही. काही महिने नियमित लोह घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर त्या मुलीची थायरॉइड तपासणी व्हावी आणि गव्हाच्या पट्ट्यात सिलिअ‍ॅक रोगाचीही (तोही प्रतिकारशक्ती उलटण्याचाच प्रकार), इतकेच. आढावा बैठकीत आम्ही गोळीवाटपाची टक्केवारी विचारतो. गुण न आलेल्या मुलींची संख्या मी स्वतः कधी विचारली नव्हती.

उपचार स्वस्त आहे. लेव्होथायरॉक्सिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते सकाळी उपाशीपोटी घ्यावे लागते आणि लोहाच्या गोळीपासून चार तास दूर ठेवावे लागते. अन्यथा ते नीट शोषले जात नाही. दोन्ही गोळ्या एकदमच देणाऱ्या आईला हे कोणी सांगितलेले नसते.

त्या मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी कचेरीत आले. औषध देऊ म्हणाले. नोंदवहीत मात्र काही लिहू नका, उद्या लग्न ठरवायचे आहे, अशी विनंती त्यांनी केली. मी जुना शेरा खोडावयास लावला आणि नवा लिहविला नाही. पुढे माझी बदली झाली. तिच्या औषधाची नोंद त्या शाळेत कुठेच राहिली नाही.