मुलीला विक्रीत का नको?

पेडणे-डिचोलीहून वास्कोत स्थायिक झालेल्या आपल्या घरांतल्या मुली संगणक शिकतात. पण कंपनीत विक्रीचे काम मिळाले की घरचे म्हणतात, "फिरतीची नोकरी नको, बाये!" आम्हाला हे पटत नाही.

१९८२ साली एमबीए झालेल्या नीलम धवन यांना दोन नामवंत कंपन्यांनी विक्री-विपणनात घेतले नाही, कारण त्या बाई. त्या एचसीएल या संगणक कंपनीत गेल्या. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्ट इंडियाच्या, २००८ मध्ये एचपी इंडियाच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. ज्याच्या हाती गिऱ्हाईक, त्याला कंपनी विचारते. (हिशेब लिहिणारी बहुधा हिशेबच लिहीत राहते!)

वेर्ण्याहून रात्री परतण्याची अडचण असेल, तर उशिराची कदंब बस आपण सर्वांनी मिळून आमदारांकडे मागावी. मुलीला घरी बसवू नये.