व्यापारविद्येच्या वेशीवरील जकात

बारावीचा निकाल लागला की सीमाभागातील मध्यमवर्गीय घरांत आता एक नवाच प्रश्न उभा राहतो. पूर्वी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी गुणपत्रक घेऊन महाविद्यालयाच्या कचेरीत जाई, अर्ज भरी आणि बी. कॉम.च्या वर्गात जाऊन बसे. मुंबईस १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले तेव्हापासून वाणिज्याच्या पदवीची ही वाट बहुतांशी सरळ राहिली आहे. बी. बी. ए. आणि बी. एम. एस. या व्यवस्थापनाच्या पदव्यांच्या वाटेवर मात्र ठिकठिकाणी नाकी बसली असून प्रत्येक नाक्यावर निराळी जकात मागितली जाते. जकात मुळीच नको असे आमचे म्हणणे नाही. ती कशाबद्दल घेतली जाते आणि कोणत्या नाण्यात, हे विचारण्याचा अधिकार मात्र पालकांस आहे.

महाराष्ट्रातील नाक्याची हकीकत प्रथम पाहू. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने या पदव्या आपल्या कक्षेत घेतल्या. त्यासरशी राज्य सरकारने त्यांस व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पंक्तीस बसवून सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, लागू केली. पहिली परीक्षा २०२४ च्या मेअखेर झाली. जागा एक लाखाहून अधिक आणि परीक्षेस बसलेले उमेदवार पन्नास हजारांच्याही आत! अखेर ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा परीक्षा घेण्याची पाळी आली. उमेदवार फार आणि जागा थोड्या असतात तेव्हा चाळणीचे प्रयोजन असते. जेथे कणगी निम्मीही भरत नाही, तेथे दारात चाळण धरून बसण्यात कोणते शहाणपण? कित्येक महाविद्यालयांनी तर अभ्यासक्रमाचे नावच बदलले. बी. एम. एस.चे बी. कॉम. (व्यवस्थापन) झाले आणि परीक्षा टळली. पाटी बदलताच जे नाके उठते, ते गुणवत्तेच्या रक्षणासाठी होते असे कोण म्हणेल?

परिषदेच्या बाजूने काहीच बोलण्यासारखे नाही असे नाही. गल्लोगल्ली निघालेल्या आणि शिक्षकांवाचून चालणाऱ्या वर्गांवर कोणाची तरी नजर हवीच होती. परंतु नजर महाविद्यालयावर ठेवायची आणि भुर्दंड विद्यार्थ्याने सोसायचा, हा न्याय आम्हांस उलटा वाटतो.

आता या परीक्षेत विचारतात काय? शंभर प्रश्न आणि नव्वद मिनिटे. २०२४ च्या आराखड्यात शंभरांपैकी चाळीस गुण इंग्रजी भाषेचे, तीस तर्कशक्तीचे, पंधरा सामान्यज्ञानाचे आणि पंधरा संगणकाच्या प्राथमिक माहितीचे होते. हिशेबलेखनाचा विभाग नाही, वाणिज्याचा नाही, अर्थशास्त्राचाही नाही. बेळगावच्या रविवार पेठेत बापाच्या दुकानी बसून संध्याकाळी रोजकीर्द लिहिणारा, उधारी कोणास किती द्यावी आणि कोठे हात आखडावा हे सोळाव्या वर्षी जाणणारा मुलगा या परीक्षेस बसला, तर त्याच्या त्या जाणतेपणास एक गुणही नाही. निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत वाढलेल्या मुलीने भावाची चढउतार डोळ्यांनी पाहिली असेल; तिलाही इंग्रजी शब्दांचे समानार्थी शब्दच शोधावे लागणार. इंग्रजी यावयास हवे, याविषयी आमचा वाद नाही. पण व्यापारविद्येच्या परीक्षेत व्यापार शून्य आणि इंग्रजी चाळीस, हे प्रमाण कोणत्या हिशेबात बसते?

आणि येथेच सीमाभागातील विद्यार्थ्याच्या वाट्यास आलेला एक विलक्षण प्रकार सांगितला पाहिजे. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांच्या नियमांत सीमाभागातील मराठीभाषिक उमेदवारांसाठी ‘ई’ हा स्वतंत्र प्रकार आहे. ही सवलत मोलाची आहे आणि तिच्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तिच्यासाठी दोन दाखले लागतात: एक वादग्रस्त सीमाभागातील रहिवासाचा आणि दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. म्हणजे मराठी असल्याचा लेखी पुरावा द्यायचा, त्या पुराव्याच्या बळावर आत शिरायचे, आणि आत गेल्यावर प्रश्नपत्रिका हाती पडते ती केवळ इंग्रजीत! याच सीईटी कक्षाच्या अभियांत्रिकीकडील परीक्षेत भौतिक व रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येतात. केंद्राची विद्यापीठ प्रवेश परीक्षा २०२२ साली सुरू झाली तीच तेरा भाषांत, आणि त्यांत मराठी आहे. अणूची रचना मराठीत विचारता येते. मग तर्कशक्ती आणि सामान्यज्ञान मराठीत विचारण्यास आडकाठी कसली? इंग्रजीचा विभाग इंग्रजीत राहू द्यावा, उरलेले साठ गुण दोन्ही भाषांत छापावेत, एवढीच आमची मागणी आहे. तिला कायदा बदलावा लागत नाही, अनुवादक नेमावे लागतात.

घराजवळची वाट त्या मानाने सोपी आहे. २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी. बी. ए.चा प्रवेश मुख्यतः बारावीच्या गुणांवर होतो. कोल्हापूरकडे जावे की येथेच राहावे, हे ज्याने त्याने घरची ऐपत पाहून ठरवावे.

दूरच्या वाटाही आहेत, परंतु तेथील जकात दोन वर्षे आधीच द्यावी लागते, हे पुष्कळांस उशिरा कळते. दिल्ली विद्यापीठाच्या बी. एम. एस.साठी केंद्रीय परीक्षेत एक भाषा आणि सामान्य चाचणी यांच्याबरोबर गणित द्यावेच लागते. इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. तिच्या प्रवेश परीक्षेत गणिताचे दोन विभाग आणि इंग्रजीचा एक असून पुढे मुलाखतीचीही पायरी आहे. आपल्याकडे मात्र अकरावीस वाणिज्य घेताना गणित सोडण्याचीच चाल. महाराष्ट्राच्या मंडळात गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते, आणि ‘गुण चांगले पडतात’ एवढ्या एका कारणाने ती घेतली जाते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या त्या एका खुणेने पुढची दोन दारे बंद होतात आणि शाळेत कोणी त्यास सांगतही नाही. हे सांगणे शिक्षकांचे काम आहे. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींवर ते सोडून चालणार नाही.

याउलट एका बाबतीत पालकांनी उगीच जीव टांगणीस लावू नये. एम. बी. ए.च्या प्रवेशास बी. बी. ए.च असावी लागते असा नियम नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास, गुणांची अट पुरी केल्यास, ‘कॅट’ला बसता येते. तेव्हा केवळ पाटीवरील नावापायी भारी शुल्काच्या खासगी संस्थेत कर्ज काढून जाण्यापूर्वी शेजारच्या महाविद्यालयातील साध्या बी. कॉम.चा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांना महाराष्ट्रातच जावयाचे आहे त्यांनी मातृभाषेचा व रहिवासाचा दाखला निकालाची वाट न पाहता आताच मागून ठेवावा. शाळांच्या मुख्याध्यापकांसही आमची विनंती आहे की, बारावीस बसणाऱ्या मराठी मुलांची यादी करून हे काम त्यांनी परीक्षेपूर्वीच हाती घ्यावे. प्रवेशाच्या धांदलीत कचेऱ्यांपुढे रांगा लागल्यावर एकेका सहीसाठी मुलांचे दिवस मोडतात.