येळवशीला सातबारा लागत नाही

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर ओस पडतं. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या १६ रस्त्यांवर एरवी गाडी उभी करायला जागा सापडत नाही. त्या दिवशी दुकानांची शटरं खाली, रिक्षा गायब, घराघराला कुलपं. सगळं शहर औसा, निलंगा, रेणापूर, मुरुडच्या वाटेनं रानात गेलेलं असतं. वेळा अमावस्या, आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. लातूर, धाराशिव आणि सोलापूरचा कर्नाटकाला लागून असलेला पट्टा सोडला, तर महाराष्ट्रात हा सण फारसा कुणाला माहीत नाही. पण शहरातल्या माणसांनी लेकराबाळांसह दिवसभर बाहेर पडावं आणि रानात पिकलेलं रानातच मांडी घालून खावं, यापेक्षा चांगली सहल मला ठाऊक नाही. म्हणूनच ती ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांच्यापुरतीच राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

मी शिकवणी वर्गांच्या भागात मुलींची खाणावळ चालवते. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुली इथे येतात, दोन वर्षं एका खोलीत तिघी-चौघी राहतात, नीटची तयारी करतात. येळवशीला त्यांचे फार हाल होतात. मेस बंद, हॉटेलं बंद, घरमालकही गावाला. आदल्या दिवशी आणून ठेवलेल्या बिस्किटांवर आणि मॅगीवर दिवस काढायचा. हे मला बघवेना, म्हणून औशाजवळच्या माझ्या दादाच्या रानात मी मुलींना घेऊन जाऊ लागले. माझ्या स्वतःच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. पहिल्यांदा आलेली एक मुलगी गाडीतून उतरल्या उतरल्या हळूच विचारत होती, "काकू, आपण इथे बसलं तर चालेल ना? ओळख ना पाळख." माझी वहिनी लांबूनच ओरडली, "ये की माय, वाढलंय. हात धू आधी."

येळवस ही अशी असते. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारायची आणि जेवल्याशिवाय सोडायचं नाही, ही इथली रीत.

येळवशीच्या जेवणातल्या भज्जीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण बाहेरच्या माणसाला भजी म्हटलं की कढईच डोळ्यांसमोर येते. तळणाशी हिचा काही संबंध नाही. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, पावटा, भुईमूग, त्यात मेथी, चुका, कांद्याची पात, वांगं, गाजर, जे जे त्या आठवड्यात रानात असेल ते सगळं. चिंचेचा कोळ, लसूण, हिरवी मिरची, आणि वरून डाळीच्या पिठाची आळण. मोठ्या पातेल्यात ते सावकाश रटरटतं. सोबत बाजरीचे उंडे. उंडा कुस्करून त्यावर भज्जी ओतायची, चमचा लागत नाही. प्यायला आंबील: ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलेलं, लसणाच्या वासाचं, मातीच्या बिंदग्यात रात्रभर मुरलेलं. हे बिंदगं घरचा कर्ता पुरुष डोक्यावर घेऊन रानात जातो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. पूजा झाली की उभ्या पिकात आंबील शिंपडत फिरायचं आणि मगच पंगत.

यात बायकांच्या वाट्याला काय येतं, हेही बोललं पाहिजे. आदली रात्र सोलण्यात आणि निवडण्यात जाते, पहाटे तीनला चूल पेटते. आमच्याकडे आता तुरीच्या शेंगा सोलायला पुरुष आणि पोरं बसतात. सगळ्या घरांत बसायला हवीत.

मला चिंता वाटते ती दुसरीच. सोयाबीनने आमची रानं पालटली. काळ्या जमिनीत ज्वारी, करडई, जवस, हरभरा शेजारी शेजारी असायचे. आता ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की पुढे नुसता हरभरा. ज्वारी कमी झाली म्हणून कोपीसाठी कडबा विकत आणावा लागतो आणि भज्जीचे सोललेले दाणे गोलाईतून किलोवर येतात. कुणी भज्जी-आंबिलीचं पार्सलही मागवतं. पार्सल घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. ज्याला रानात जायला जागाच नाही, तो दुसरं काय करणार? पण लातूर वाढतंय ते अशाच माणसांनी. विद्यार्थी, दवाखान्यांतल्या नर्सेस, बांधकामावरचे मजूर, बदलीवर आलेले कर्मचारी. त्यांना बोलावलं नाही, तर काही वर्षांनी ही फक्त जमीनवाल्यांची घरगुती पार्टी होईल, आणि उरलेलं शहर त्या दिवशी कडीकुलपात बसेल.

एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा हे शहर दुसऱ्यांच्या पाण्यावर तगलं. ते दिवस मी खाणावळीतल्या रिकाम्या टाक्यांजवळ उभी राहून काढलेत. दुसऱ्याच्या ओंजळीतून मिळालेलं ज्यांनी घेतलं, त्यांनी आपल्या बांधावर चार परकी माणसं बसवणं मला फार मोठी गोष्ट वाटत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. शिकवणी वर्गांनी येळवशीला पूर्ण सुट्टी द्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा ठेवू नये. परवा एका वर्गाने नेमकी तशीच परीक्षा ठेवली आणि माझ्या निम्म्या मुली खोलीतच राहिल्या. ज्यांची रानं शहरापासून तास-अर्ध्या तासावर आहेत, त्यांनी गाडीत एक-दोन जागा रिकाम्या ठेवाव्यात आणि आपल्या गल्लीतल्या वसतिगृहात आदल्या दिवशी जाऊन रीतसर आमंत्रण द्यावं. मुलींना नेणार असाल तर घरातली एखादी बाई सोबत हवी, त्यांच्या आईवडिलांना फोन करून कळवायला हवं, आणि रात्री रानाभोवती कडब्याची पेटती पेंढी फिरवून झाली की त्यांना आधी खोलीवर पोचवायचं, मग आपण घरी जायचं. डब्यात भज्जी द्यायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी ती जास्त चांगली लागते, आणि माझी मेस सकाळी उशिरा उघडते.